दोन्ही टीम लालच, मग बिघडलं कुठे?

कर्वेनगरहून एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "थंडीत आम्ही लंडनला भावाकडे चाललोय. मी, मिस्टर, १४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. भावाच्या कंपनीच्या आर्सेनलच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये क्लब लेव्हलला चार जागा आहेत, त्या आर्सेनल–लिव्हरपूल या फुटबॉल सामन्याला आम्हाला मिळतायत. मेलमध्ये 'स्मार्ट कॅज्युअल' लिहिलंय आणि पाहुण्या संघाचे रंग चालणार नाहीत असंही. मिस्टर म्हणतात, गहुंज्याला क्रिकेट बघायला बॉक्समध्ये बर्म्युडा घालून बसलोय, इथे काय वेगळं? सासूबाई साडीच नेसतात. मुलगा लिव्हरपूलचा कट्टर, त्याचं म्हणणं दोन्ही टीम लालच, माझा टी-शर्ट कोणाला कळणार? मिस्टरांना कोट शिवून घ्यावा का?"

ताई, सोपं आधी उरकून टाकतो. कोट शिवू नका. लक्ष्मी रोडला कापड घेऊन, शिंप्याकडे दोन ट्रायली देऊन जो कोट येईल तो लग्नाचा कोट असेल, आणि तो घालून मिस्टर क्लब लेव्हलच्या लाउंजमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या जेवणाच्या दालनात, कर्मचारी दिसतील. चेष्टा करत नाहीये. काळा सूट, पांढरा शर्ट, टाय अशा थाटात तिथे कोण उभं असतं, तर माझ्यासारखा दारावरचा माणूस. एका सामन्याला सुटाबुटातल्या एका पाहुण्याला लोकांनी तीनदा स्वच्छतागृहाचा रस्ता विचारलेला मी पाहिलाय.

मी हॉटेल मॅनेजमेंट पुण्यातच केलं. नंतर काही वर्षं इंग्लंडमध्ये आठवडाभर हॉटेलात आणि सामन्याच्या दिवशी एका क्लबच्या लाउंजच्या दारावर होतो. परत आल्यावर आयएसएल या भारतातल्या फुटबॉल लीगच्या काळात पुण्यात बालेवाडीला व्हीआयपी कक्षाचं काम केलं. आता नव्या मुलांना हेच शिकवतो. त्यामुळे पुढचं जे आहे ते दाराच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.

'स्मार्ट कॅज्युअल'ला मराठी शब्द मला बरीच वर्षं सापडत नव्हता. शेवटी आईनेच सोडवलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे केळवणाला घालतात तसं." अगदी तेच. साखरपुड्याला घालतो ते नाही आणि सकाळी तळजाईवर फिरायला जातो तेही नाही. केळवणाला जाताना माणूस इस्त्रीचा शर्ट घालतो, बरी पँट घालतो, बूट पुसतो, पण टाय लावत नाही, कारण ताटावर बसायचं असतं. लाउंजमध्येही निम्मं काम जेवणाचंच असतं. साधारणपणे सामन्याच्या दोन-अडीच तास आधी दारं उघडतात, लोक टेबलावर बसून सावकाश जेवतात, मध्यंतराला चहा आणि काहीबाही खायला असतं, सामना संपल्यावर आणखी तासभर रेंगाळतात. म्हणजे तुम्ही पाच-सहा तास त्याच कपड्यांत आहात, आणि त्यातले दोन तास उघड्यावर. हे 'उघड्यावर' लक्षात ठेवा, पुढे त्यावर येतो.

मिस्टरांचं गहुंज्याचं उदाहरण खरंच आहे. मी त्यांच्यावर हसणार नाही, कारण बालेवाडीला मी स्वतः तेच बघत होतो. २०१४ ते २०१९ एफसी पुणे सिटीचे घरचे सामने तिथे व्हायचे. व्हीआयपी कक्षात एका खुर्चीवर कडक इस्त्रीची पांढरी खादी, शेजारच्या खुर्चीवर हाफ पँट आणि सपाता, त्यापलीकडे पूर्ण नारिंगी जर्सीतलं अख्खं कुटुंब. एकदा एका गृहस्थांना मी हळूच सुचवायला गेलो की साहेब, निदान चप्पल तरी जरा… त्यांनी गळ्यातला पास दोन बोटांत धरून मला हलवून दाखवला. विषय संपला. आपल्याकडे गळ्यातला पास हाच ड्रेस कोड. पास असला की बाकी काय घातलंय हे विचारायची कोणाची टाप नाही. तिकडे उलटं आहे. पास सगळ्यांकडे असतोच, म्हणून पासाची मिजास चालत नाही.

आता दारावरचा माणूस बघतो काय? आधी पाय. नव्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पण थंडीत येणारा प्रत्येक जण गुडघ्यापर्यंत ओव्हरकोटात असतो. आत काय आहे ते दिसत नाही, चेहरा तर सगळेच हसरा ठेवतात. बूट मात्र लपत नाहीत. धावायचे बूट असले की आतही बहुधा ट्रॅक पँट निघते. स्वच्छ चामडी बूट असले की वरचं सहसा ठीकच असतं. तीन सेकंदांचा हा अंदाज, आणि तो क्वचित चुकतो.

म्हणून मिस्टरांसाठी: ऑफिसचे काळे किंवा तपकिरी बूट, पण तळ रबराचा. मैदानातल्या पायऱ्या काँक्रीटच्या असतात, आणि पाऊस पडून गेला की चामड्याच्या तळाला तिथे धर नसतो. साधे, एकरंगी, चामडी स्नीकर बहुतेक लाउंजमध्ये चालतात. पोपटी तळव्याचे, जाळीदार, मॅरेथॉनचे चालत नाहीत. जीन्सचं विचाराल तर गडद निळी, न फाटलेली, न झिजलेली जीन्स बऱ्याच ठिकाणी खपते. मात्र महागड्या, रेस्टॉरंटसारख्या दालनांत डेनिमला सरळ नकार असतो, आणि एकाच मैदानात दोन मजल्यांवर दोन नियम असू शकतात. मेलमध्ये 'डेनिम' हा शब्द शोधा. नसला तरी साधी पँट घाला, भानगड मिटते. शर्ट कॉलरचा. बर्म्युडा, ट्रॅक पँट, हुडी घरी. बेसबॉल टोपी आत गेल्यावर काढायची. फेटा-पगडी किंवा धार्मिक शिरोवेष्टनाला कोणी बोट लावत नाही.

फाटकी जीन्स का नको, तर गुडघा दिसतो. पण स्कॉटलंडचे पाहुणे किल्ट घालून येतात तेव्हा दोन्ही गुडघे उघडे असतात आणि त्यांना आम्ही झुकून दार उघडायचो. ड्रेस कोडमध्ये तर्क शोधायचा नसतो, मेलमधली ओळ वाचायची असते.

आपल्या लोकांना वाटतं टाय-कोट सक्तीचा असेल, त्यामागे दुसरीच ठिकाणं आहेत. लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनचे फोटो, विम्बल्डनची शाही बैठक. २०१५ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्याला लुइस हॅमिल्टनला शाही बैठकीत प्रवेश मिळाला नाही, कारण कोट-टाय नव्हता. फॉर्म्युला वनचा जगज्जेता, पण बसायला मिळालं नाही. फुटबॉलमध्ये त्या जातीची जागा म्हणजे संचालकांची बैठक, डायरेक्टर्स बॉक्स. तिथे कोट-टायची परंपरा अजून आहे. तुमच्या जागा तिथल्या नाहीत. एमिरेट्सची क्लब लेव्हल म्हणजे खालचा थर आणि वरचा थर यांच्यामधलं पूर्ण कडं, सुमारे ७,००० खुर्च्या. सात हजार माणसांना टाय लावायला कोण सांगत बसणार?

सासूबाईंची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त करताय, आणि ती सगळ्यात कमी करायची आहे. साडी चालते. नुसती चालत नाही, दारावरचे लोक कौतुकाने बघतात. माझ्या इतक्या वर्षांत साडी, सलवार-कमीज, जोधपुरी, शेरवानी, आफ्रिकेतले झगे यांतलं काहीही अडवलेलं मी पाहिलं नाही. देशाचा पोशाख म्हटलं की प्रश्न मिटतो. साडीला अडवतील ही धास्ती मुळात आपल्याच जुन्या क्लबांनी घातलेली आहे. २०१४ साली चेन्नईत एका क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून आत सोडलं नाही. एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी तमिळनाडूने कायदा करून अशी बंदी मोडून काढली. गोरे गेले, त्यांच्या क्लबांचे नियम मात्र आपण तुपात तळून ठेवले. असो, हा माझा जुना राग आहे.

सासूबाईंचा खरा शत्रू थंडी. शिवाजीनगरला पारा ८ वर आला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, शेकोटीचा फोटो येतो. लंडनमध्ये डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी तसंच असतं, त्याहून खाली जातं, आणि चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे तीन वाजताचा सामना असला तरी दुसरा निम्मा भाग दिव्यांच्या उजेडात आणि काळोख्या गारठ्यात. क्लब लेव्हलची खुर्ची मऊ असते, डोक्यावर छप्पर असतं, पण समोरून वारा मोकळा. लोकांना वाटतं लाउंज म्हणजे काचेआडून सामना बघायचा. खाजगी बॉक्समध्ये काच असते. क्लब लेव्हलला जेवण आत, सामना बाहेर.

तेव्हा साडी सुती नको, रेशमी किंवा जाडसर. आत परकराऐवजी, किंवा परकराखाली, थर्मलची पायजमा-पँट. पूर्ण बाह्यांचा लोकरी ब्लाउज असेल तर सोन्याहून पिवळं. साडी रोजच्यापेक्षा दोन बोटं वर नेसायची, कारण त्या पायऱ्या चढण असलेल्या आणि अरुंद असतात, आणि रांगेत शिरताना शेजारचे उभे राहून वाट देतात तेव्हा निरी कोणाच्या तरी बुटाखाली सापडतेच. पायात काळे, बंद, साधे बूट आणि मोजे. सकाळी कमला नेहरू पार्कात साडीवर बूट घालून फिरणाऱ्या आज्या आपण रोज बघतो, तशाच. वर लांब कोट आणि शाल. माकडटोपी पर्समध्ये ठेवा, खुर्चीवर बसल्यावर घाला, आत येताना काढा. आत ती घातली तर कोणी हाकलणार नाही, पण फोटोत वाईट दिसते आणि फोटो तर तुम्ही काढणारच.

तुम्हा सगळ्यांसाठी एकच तत्त्व, थर. आत बावीस अंशांची ऊब, बाहेर पाच अंश, आणि पाच तासांत तुम्ही चारदा आत-बाहेर करणार. आपले लोक एक चूक हमखास करतात: आत थर्मल आणि वर थेट जाड जॅकेट. लाउंजमध्ये उकडायला लागतं, जॅकेट काढता येत नाही कारण खाली फक्त थर्मलची बनियन. मग सूप पिता पिता घाम पुसत बसायचं. थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, वाटलं तर ब्लेझर, त्यावर मोठा कोट. मधला कुठलाही थर उघडा पडला तरी तो चारचौघांत दाखवण्यासारखा असला पाहिजे.

ही झाली ड्रेस कोडची अर्धी बाजू. इथे चूक झाली तर दारावरचा माणूस तडजोड करतो. मी स्वतः कितीतरी जणांना 'आजच्या दिवस जाऊ द्या' म्हणून सोडलंय, एकाला माझ्या लॉकरमधले बूट दिलेत, एक नंबर मोठे होते. दुसरी बाजू रंगाची. तिथे तडजोड नसते.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळू.

"दोन्ही लालच, कोणाला कळणार?" बाळा, सगळ्यांना कळणार. तिथल्या सात वर्षांच्या पोरीला कळणार. आर्सेनलच्या जर्सीच्या बाह्या पांढऱ्या, १९३३ पासून. लिव्हरपूल १९६४ पासून वरपासून खालपर्यंत लाल. एकाच्या छातीवर तोफ, दुसऱ्याच्या छातीवर पक्षी. आईला वाटेल की दोन लाल टी-शर्टांत काय तो फरक, पण हे म्हणजे दोन मंडळांच्या ढोल पथकांत 'दोन्हीकडे पांढरा झब्बाच तर आहे' म्हणून कुठेही घुसण्यासारखं आहे.

माझ्या आईचं माहेर कोल्हापूर. तिथे शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ समोरासमोर आले की मामा मला लहानपणी आधी कुठे बसायचं ते सांगायचा, मग खेळाडूंची नावं. शिवाजी पेठेतल्या घोळक्यात बसून मंगळवार पेठेच्या गोलला टाळी वाजवायची नाही, एवढं शहाणपण तिथे दुधाबरोबर पाजतात. इंग्लंडमध्ये तेच शहाणपण नियमावलीत छापलंय. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये, पाहुण्या संघाच्या पाठिराख्यांना वेगळा कोपरा देतात, जास्तीत जास्त ३,००० जागा किंवा मैदानाच्या क्षमतेच्या दहा टक्के, यांतलं जे कमी असेल ते. एमिरेट्समध्ये तो आग्नेय कोपरा. बाकीचं मैदान यजमानांचं, आणि त्यात तुमची क्लब लेव्हलही आली. महाग तिकीट म्हणजे तटस्थ जागा, हा गैरसमज भारतातून येणाऱ्या जवळपास प्रत्येक पाहुण्याला असतो. तुम्ही पाहुणे आहात, पण यजमानांच्या घरचे पाहुणे.

'रंग' म्हणजे फक्त जर्सी नव्हे. मफलर, टोपी, हातमोजे, बॅग, कोटाच्या कॉलरवरचा बारका बिल्ला, मोबाइलचं कव्हरसुद्धा. बाहेर रस्त्यावर अर्धा एका क्लबचा आणि अर्धा दुसऱ्याचा असा जोडमफलर विकतात. तो आठवण म्हणून घ्यायचा मोह होईल. घेतला तर बॅगेत ठेवा. नियमात तो कुठे बसतो यापेक्षा, दोन्हीकडचे कट्टर लोक त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मुलाला सोसणार नाही. साधा, विणलेला, बिनबिल्ल्याचा लाल मफलर मात्र बिनधास्त. यजमान लालच आहेत. सासूबाईंनी लाल काठाची साडी नेसली तर दारावरचा माणूस खूश होईल. हीच साडी आर्सेनलच्या शेजारच्या वैऱ्यांकडे, टॉटनहॅमला, नेसू नका म्हणालो असतो.

आता चिरंजीव म्हणतील, आत घालतो, वर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. हे मी ऐकलंय. याचा शेवटही पाहिलाय.

मी ज्या क्लबात होतो तिथली गोष्ट. हिंजवडीतल्या एका कंपनीचे गृहस्थ, चाळिशीचे, सोबत बायको. तिकडच्या एका ग्राहक कंपनीने त्यांना बोलावलेलं. जेवताना माझ्याशी मराठीत चार शब्द बोलले, मला बरं वाटलं. उकडत असूनही त्यांनी जॅकेट काढलं नाही. मी दोनदा विचारलं, ठेवून देऊ का? नको नको म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. शेवटची पाच-सात मिनिटं राहिली असताना पाहुण्या संघाने गोल केला. आणि हे गृहस्थ उठले, दोन्ही हातांनी जॅकेट फाडल्यासारखं उघडलं, हनुमानाने छाती उघडून दाखवावी तसं, आणि आत पाहुण्यांची जर्सी. आवाज त्यांचा एकट्याचा. आजूबाजूच्या तीनशे खुर्च्यांमध्ये तीन सेकंद इतकी शांतता की खालचा प्रशिक्षक ओरडतोय ते ऐकू येत होतं. मारहाण वगैरे काही झाली नाही. मागच्या रांगेतले एक आजोबा फक्त म्हणाले, "बस रे बाबा," आणि स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरचा बंदोबस्ताचा माणूस, पायऱ्या उतरून आला. पाच मिनिटांत ते दोघं बाहेर. त्यांचे कोट आणून द्यायला मला पाठवलं. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, नवऱ्याकडे बघितलंही नाही. टॅक्सी येईपर्यंत ते मला सॉरी म्हणत राहिले, मला कशाला म्हणत होते कोण जाणे. पैसे परत मिळण्याचा प्रश्न नव्हता. खरा फटका बसला तो त्यांना बोलावणाऱ्या कंपनीला. जागा तिच्या नावावर, म्हणून क्लबचं पत्र तिला.

तुमच्या बाबतीत ते पत्र भावाच्या कंपनीला येईल, आणि कंपनीतून भावाला. हे मुलाला त्याच्या भाषेत समजावा.

आतली एक गोष्ट सांगतो. गोल झाला की आम्ही मैदानाकडे बघायचो नाही. उलट मैदानाकडे पाठ करून खुर्च्यांकडे तोंड करायचो. कोणाचा गोल आहे ते आवाजावरून कळतंच. यजमानांचा असेल तर कोण बसून राहिलंय ते दिसतं, पाहुण्यांचा असेल तर कोण अर्धवट उठलंय ते. बसून राहणाऱ्याला कोणी काही करत नाही, आजाऱ्यालाही बसावं लागतं. अर्धवट उठून मग कोट सारखा करण्याचं नाटक करणारे मला अजून आठवतात. त्यांच्याकडे बघून आम्ही मानेनेच खूण करायचो, 'कळलं, पण आता पुन्हा नको.' चांगल्या खेळीला टाळी वाजवायला कोणाचीच हरकत नसते. उडी, आरोळी, गाणं, मोबाइल उंचावून जल्लोष, हे नको.

आणि हे खरं की या लाउंजवाल्यांवर तिकडचे कट्टर लोक चिडूनच असतात. २००० साली मँचेस्टर युनायटेडचा कप्तान रॉय कीन घरच्या मैदानावरच्या प्रेक्षकांवर वैतागला होता: खातात-पितात, कोळंबीची सँडविचं हाणतात, पण मैदानात काय चाललंय ते त्यांना कळत नाही, असा त्याचा सूर. तेव्हापासून आपल्यासारख्यांना तिकडे 'कोळंबी सँडविचवाले' म्हणतात. टोमणा बोचतो, कारण अर्धा खरा आहे. यजमानांच्या घरात महागडी जागा अडवून पाहुण्यांचा जयजयकार करणारा तर त्यांना त्याहून डोळ्यांत सलतो. रंगाच्या नियमाला श्रीमंती-गरिबीचा वास नाही, म्हणून मी त्याची बाजू घेतो. बूट आणि डेनिमच्या नियमाची तितकीशी घेत नाही. (सासूबाई शाकाहारी असतील तर आधी कळवा, कांदा-लसूण वर्ज्य असेल तर स्पष्ट शब्दांत लिहा. नुसतं 'भारतीय' लिहिलं की मसालेदार काहीतरी येतं.)

किरकोळ, पण अडणाऱ्या गोष्टी. बॅग लहान हवी. बऱ्याच मैदानांत वहीच्या पूर्ण कागदाएवढी, म्हणजे ए-फोर, हीच मर्यादा असते. तुमची ती सगळं मावणारी झोळी आणि त्यातला बाकरवडीचा पुडा भावाकडे ठेवा. जागा कंपनीच्या आहेत तेव्हा त्या सामन्यापुरत्या क्लबच्या अधिकृत पद्धतीनेच तुमच्या नावावर झाल्यात ना, हे भावाला विचारा. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे दारावर नावाची चौकशी झाली तर ती उगाच नसते. आणि मिस्टर लाउंजमध्ये बिअर घेणार असतील तर पेला खुर्चीवर नेता येत नाही. १९८५ च्या कायद्याप्रमाणे सामन्याच्या दोन तास आधीपासून तासभर नंतरपर्यंत मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही. खाजगी बॉक्समध्ये ही बंदी सामन्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंत. गहुंज्याहून वेगळं काय, असं मिस्टरांना वाटत होतं ना, हे एक घ्या.

सामना संपल्यावर लगेच निघू नका. साठ हजार माणसं एकदम आर्सेनल स्टेशनकडे निघतात आणि बाहेर थंडीत ताटकळत रांग लागते. तुम्हाला आत बसायची सोय आहे, तर सासूबाईंना गरम चहा द्या आणि गर्दी ओसरली की फिन्सबरी पार्कच्या दिशेने सावकाश चालत जा. रबरी तळाच्या बुटांचा इथेही उपयोग होतो.

मुलाची जर्सी बॅगेतून काढून टाकायला मात्र सांगू नका. पुण्याहून तो ती नेणारच. लंडनहून लिव्हरपूल ट्रेनने दोन-सव्वादोन तासांवर आहे, आणि तिथलं अ‍ॅनफिल्ड हे लिव्हरपूलचं मैदान आतून दाखवतात. सामना नसलेल्या दिवशी आधी नोंदणी करून न्या. तिथे तो पक्षी छातीवर मिरवत फिरला तर स्टुअर्डच त्याचा फोटो काढून देईल. एमिरेट्समध्ये त्याला राखाडी स्वेटर घाला, तुमच्या आणि सासूबाईंच्या मधल्या खुर्चीवर बसवा, आणि लिव्हरपूलचा गोल झाला तर कोटाच्या खिशात तुमचा हात दाबायची मुभा द्या. हातमोजे काढून दाबू दे, नाहीतर तुम्हाला कळायचंही नाही.